सुरू आम्ही केलं, मग आता हे नक्की कोणाचं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी सदतीस वर्षांची, कर्वेनगरला राहते, बाणेरला आयटीत नोकरी. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना केवायसीच्या नावाखाली फोन आला आणि खात्यातून पैसे गेले. त्यानंतर तिने आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये शनिवारी सकाळी ज्येष्ठांना मोबाइल शिकवायला सुरुवात केली. फसवे मेसेज कसे ओळखायचे, यूपीआय, लाइट बिल, व्हिडिओ कॉल, असं सगळं. आता ते दहा-बारा सोसायट्यांत चालतं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर साठेक स्वयंसेवक आहेत. मूळ चौघांपैकी एक बेंगळुरूला गेली, एक हल्ली गप्पच असतो. वर्षापूर्वी आलेले एक निवृत्त बँक अधिकारी (पत्रात 'काका') म्हणतायत संस्था रजिस्टर करू, सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा पैसा) आणू, लोगो-टीशर्ट-सर्टिफिकेट करू, आणि नव्या मुलांना ते पटतंय. हिला वाटतं कागद आले की यातला जीव जाणार. गेल्या मीटिंगमध्ये आवाज चढले आणि नंतर कळलं की हिला वगळून दुसरा ग्रुप निघालाय. प्रश्न असे की रजिस्टर करावं का, सगळं सोडून द्यावं का, की नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावं आणि परत हातात घ्यावं. खाली ता.क. आहे, 'एका आजींचा पिन आमच्यातल्या एका मुलाने स्वतः टाकला म्हणून काका त्याला सगळ्यांसमोर बोलले, तिथून हे सुरू झालं.'

*

'तू म्हटलंत तरी चालेल' असं लिहिलंयस म्हणून सरळ तूच म्हणते. एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ता.क. मध्ये टाकलीस बघ.

तुला त्या ओळीत काकांचा उद्धटपणा दिसतोय. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे मान्यच, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण जरा त्या आजींच्या खुर्चीत बसून बघ ना. हे दृश्य मी आमच्याकडच्या अशाच वर्गात पाहिलंय, म्हणजे आजी फोन पुढे करतात, चष्मा घरी राहिलाय रे, तूच टाक बाळा, आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा सांगतात. मुलगा बिचारा सरळमार्गी, त्याला दहा मिनिटांत अजून तीन जणांकडे जायचंय, तो टाकून मोकळा होतो. आता समजा पंधरा दिवसांनी त्या आजींच्या खात्यातून पैसे गेले, भलत्याच कुठल्या लिंकवर क्लिक केल्यामुळे गेले, तर त्यांचा अमेरिकेतला मुलगा फोनवर पहिला प्रश्न काय विचारेल? 'आई, फोन कोणाच्या हातात दिला होतास?' आणि तो स्वयंसेवक मग कोणाकडे बघणार? तुमच्याकडे लिहिलेला नियम नाही, त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं याची नोंद नाही, आजींच्या मुलाने फोन करावा असा एक ठरलेला नंबर नाही. आहे ते एवढंच, की आम्ही सगळे मित्र आहोत.

म्हणून मला वाटतं की रजिस्टर करायचं का नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की या सगळ्यात नुकसान होऊ शकतं ते कोणाचं, आणि त्या माणसासाठी तुम्ही काय ठरवलंय. ते ठरवायला धर्मादाय आयुक्तांचा शिक्का लागत नाही गं, एक पान लागतं. फोन कायम मालकाच्याच हातात राहील. पिन आणि ओटीपी स्वयंसेवक टाकणार नाही, ऐकणारही नाही, आजी मोठ्याने सांगायला लागल्या की थांबवायचं. चष्मा नसेल तर बँकेचं काम आज नाही, पुढच्या शनिवारी. खऱ्या खात्यावर शिकवताना दोन जण हजर हवेत. कोणाचा फोन 'घरी नेऊन नीट करून आणतो' असं करायचं नाही. वहीत तारीख, शिकणाऱ्याचं नाव, काय शिकवलं आणि कोणी, एवढं लिहायचं. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात, कारण पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवता येण्याची आशा असते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी होईल, सगळे पेन्शनवाले मोबाइलवरून जीवन प्रमाण करून द्या म्हणत येतील, तेव्हा आधार आणि पेन्शनचे आकडे तुमच्या टेबलावर नुसते सांडलेले असतील, त्याच्या आधी हे पान झालेलं बरं.

आता तुझं ते वाक्य, 'आमच्यात कधी कोणी बॉस नव्हता, म्हणून मजा होती'. अगं होती की बॉस, तूच होतीस. ग्रुपची अॅडमिन तू, क्लबहाऊसची चावी तुझ्याकडे, स्लाइड्स तुझ्या लॅपटॉपवर, आणि झेरॉक्स-चहाचे पैसे ज्या क्यूआर कोडवर येतात तो तुझ्या सेव्हिंग अकाउंटचा (असं तूच लिहिलंयस). पावसामुळे शनिवार रद्द करायचा का हे कोण ठरवायचं? तू चांगली होतीस, कुणावर ओरडत नव्हतीस, म्हणून ते कुणाला जाणवलं नाही, आणि तुला तर अजिबातच नाही. चार जण असतात तेव्हा हे चालून जातं, उलट तसंच व्हायला हवं, सुरुवातीला कमिटी करत बसलं असतं तर पहिला शनिवार उजाडलाच नसता. पण साठावा माणूस जेव्हा येतो तेव्हा त्याला एवढंच दिसतं की इथले निर्णय कुठेतरी आधीच झालेले असतात आणि ते कुठे होतात ते कळायला कुणाची तरी जुनी ओळख लागते. मग तो स्वतःचा ग्रुप काढतो. तुला वगळून काढला हे वाईटच, पण तुमच्या चौघांचा जुना ग्रुप अजून चालू आहे ना, आणि त्यात तुम्ही या विषयावर बोलता ना? मग त्यांनी वेगळं काय केलं?

क्यूआर कोडचं मात्र या आठवड्यातच बंद कर. रक्कम किती का छोटी असेना, लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेतले की इन्कमटॅक्सला उत्तर तूच द्यायचं आणि संशयही तुझ्यावरच. आपल्याकडे गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा वर्गणीची पावती फाडतं. आजवरचा जमाखर्च एका कागदावर लिही, ग्रुपवर टाक, शिल्लक असेल ती सांग. कुणी मागण्याआधी टाकलास तर तो हिशेब असतो, मागितल्यावर टाकलास तर खुलासा होतो.

तुझ्या पत्राचा सूर असा आहे की जुने मित्र विरुद्ध नवी माणसं, आणि जुने एकत्र राहिले असते तर हे झालं नसतं. पुण्यात राहून असं म्हणू नये. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजपासूनचे मित्र, १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ ला 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ ला दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन. याहून जुनी आणि घट्ट सुरुवात कुणाची असणार! आणि तरी १८८७ ला आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८९० ला टिळकांनी सोसायटीच सोडली. आपल्याला शाळेत सांगतात की आधी सामाजिक सुधारणा का आधी स्वराज्य यावरून फाटलं, आणि ते खरंच आहे, पण सोसायटीच्या आतलं भांडण वाचलंस तर ते बरंचसं तुमच्या मीटिंगसारखं वाटेल. आजीव सदस्यांनी बाहेर काम करून मिळकत करावी का, पगार वाढवावा का, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तर त्यांचा वेळ नक्की कुणाचा. म्हणजे वेळ आणि पैसा. मोठमोठ्या तत्त्वांवर ही माणसं वर्षानुवर्षं वाद घालत एकत्र राहिली होती, त्यागाची व्याख्या प्रत्येकाच्या मनात वेगळी निघाली तिथे मात्र जमेना.

आणि फर्ग्युसन काही बंद पडलं नाही. आगरकरांनी १८८८ ला 'सुधारक' काढला, टिळकांचा 'केसरी' चालूच राहिला, कॉलेजही चाललं. तेव्हा दोन गट झाले म्हणजे काम संपलं असं धरून चालू नकोस. पुण्यात ज्येष्ठ इतके आहेत की दोन्हीकडचे शनिवार भरतील.

मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. एवढ्या भांडणात तू आहेस, तुझे मित्र आहेत, कॉलेजची मुलं आहेत, काका आहेत, पण ज्यांच्यासाठी हे चाललंय ते आजी-आजोबा एकाही वाक्यात काही बोलत नाहीत. ते फक्त शिकतात आणि आशीर्वाद देतात. त्यांना विचारलंय का कुणी, की शनिवारच का, क्लबहाऊसला लिफ्ट नाही तर गुडघेदुखीवाल्यांनी काय करायचं, सर्टिफिकेट त्यांना हवंय का तुम्हाला? तू राहतेस ते कर्वेनगर ज्यांच्या नावाचं, त्या अण्णा कर्व्यांचं घे. १८९६ ला त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० ला तो हिंगण्याला नेला. पण पुढे आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या, गावोगाव फिरून निधी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या, आश्रमातच शिकून उभ्या राहिलेल्या. संस्थेचा उपयोग ज्यांना झाला त्यातलंच कुणीतरी संस्थेच्या आत आलं.

कागद आले की जीव जातो म्हणतेस त्यालाही मला पुण्यातलंच उदाहरण आठवतं. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरावेचकांची स्वतःची संघटना, सभासद बहुतेक बायकाच. त्यांच्या दृष्टीने कागद म्हणजे काय होतं? ओळखपत्र. गळ्यात कार्ड असलं, आणि ते महापालिकेनेही मानलं, की कुंडीजवळ वाकलेल्या बाईला चोर म्हणून हुसकावून लावणं तेवढं सोपं राहत नाही. म्हणजे कागदानेच त्या कामाला पाय मिळाले. आणि पुढे घरोघरी जाऊन कचरा गोळा करायचं काम महापालिकेबरोबर करायचं ठरलं तेव्हा ते युनियनच्याच डोक्यावर न टाकता 'स्वच्छ' ही वेगळी सहकारी संस्था केली, २००८ मध्ये. हक्कासाठी भांडायला एक घर आणि काम चालवायला दुसरं. तुमच्याकडे इतकं मोठं काही नाहीये, पण विचार तोच करायचा, की कागद कुणाच्या उपयोगाचा आहे ते आधी बघायचं. लेटरहेड काकांच्या उपयोगाचं असेल, फोटो असलेलं साधं ओळखपत्र मात्र आजींच्या उपयोगाचं आहे, कारण दारात आलेला मुलगा खरंच तुमचा आहे का, हे त्यांना कळायला नको?

बरं, आता रजिस्टर करायचं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो आणि लोक यूट्यूब बघून कुठलातरी फॉर्म भरतात. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सोसायटी (म्हणजे सभासदांची संस्था) करायची तर किमान सात जण लागतात, घटना आणि नियमावली लिहावी लागते, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, दोन्हीसाठी चक्कर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची. नुसता ट्रस्ट केला तर विश्वस्त नेमता येतात, त्यात सभासदांचं मतदान वगैरे नसतं, म्हणून सुटसुटीत, पण म्हणूनच ट्रस्ट चार जणांच्या हातात राहतो (तुला कदाचित हेच आवडेल, जपून!). तिसरी सेक्शन आठची, म्हणजे ना-नफा कंपनी, २०१३ च्या कंपनी कायद्यातली, दोन डायरेक्टर पुरतात पण दरवर्षीचे रिटर्न आणि सीएची फी मागे लागते. कुठलंही केलं तरी दरवर्षी ऑडिट आलं. आणि ट्रस्टी किंवा कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, हे लोक हमखास विसरतात, मग पाच वर्षांनी दोन गट भांडायला लागले की कागदावर बेंगळुरूला गेलेलीच मैत्रीण अजून खजिनदार असते आणि वकिलाचं घर चालतं.

सीएसआरचं काकांना एकदा शांतपणे विचार, की नेमकं कशासाठी हवंय. कंपनीने पैसे द्यायचे तर संस्थेची नोंदणी लागते, इन्कमटॅक्सकडची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (लोक ज्याला १२ए, ८०जी म्हणत आलेत) लागते, असे पैसे घेणाऱ्या संस्थेने भरायचा सीएसआर-१ फॉर्म लागतो आणि वर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा रेकॉर्ड लागतो, तेव्हा उद्या रजिस्टर केलं की परवा चेक असं काही नसतं. आणि तुमचा खर्च आहे किती? तू लिहिलेल्या यादीत झेरॉक्स, चहा-बिस्किटं आणि एक प्रोजेक्टर एवढंच आहे. एवढ्यासाठी मी तरी आत्ता संस्था काढणार नाही. त्यापेक्षा तुमच्या भागातल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाशी बोला. ते बहुधा रजिस्टर असतात, खातं असतं, हॉल असतो, ऑडिट होत असतं, आणि मुख्य म्हणजे तिथे कमिटीत ज्येष्ठच असतात. त्यांचा उपक्रम म्हणून वर्षभर चालवा, खर्च त्यांच्या खात्यातून होऊ दे, तुम्ही फक्त माणसं आणि पद्धत पुरवा. संघाचे अध्यक्ष भाषण लांबवतील, बॅनरवर त्यांचा फोटो तुमच्या नावापेक्षा मोठा येईल, तेवढं सोसा. वर्षानंतरही वाटलं की आपली वेगळी संस्था हवीच, तर तेव्हा करा, तोवर ते सात जण कोण हे आपोआप कळलेलं असेल. मूळ चौघंच असतील असं समजू नकोस.

हे सगळ्यांनाच लागू होईल असं मात्र मी म्हणत नाही. कुणी लहान मुलांबरोबर काम करत असेल, कुणी निवारा चालवत असेल, कुणी पगारी माणूस ठेवला असेल, तर त्यांनी थांबू नये, आधी नोंदणी करावी.

नोकरी सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही. तू लिहिलंयस की सोडून 'परत हातात' घेईन, आणि मला त्या 'परत हातात'चीच काळजी वाटते. नोकरी सोडलीस तर हे काम तुझं पोट आणि तुझी ओळख दोन्ही होऊन बसेल, मग कुणी साधी स्लाइड बदलली तरी ते तुला झोंबेल. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनला गणित शिकवत होते, आश्रम सुरू झाल्यावरही शिकवतच राहिले, थेट १९१४ पर्यंत. महिला विद्यापीठ १९१६ चं, म्हणजे निवृत्तीनंतरचं. त्यांना नोकरी आडवी आली नाही, तुला बाणेरची येईलच असं नाही. फार तर चार दिवसांचा आठवडा मिळतो का ते मॅनेजरला विचारून बघ.

राहिले काका. त्यांना पदाची हौस असेलही, निवृत्त माणसाला लेटरहेडचा मोह होतो हे मी बरंच पाहिलंय. पण पिनचा धोका तुमच्या सगळ्यांत त्यांनाच आधी दिसला, कारण बँकेच्या काउंटरवर त्यांनी रडणारे खातेदार बघितलेत. तेव्हा पुढच्या मीटिंगआधी त्यांच्या घरी जा, एकटीच जा, आणि ते नियमांचं पान त्यांनाच लिहायला सांग. त्या बदल्यात त्या मुलाची माफी मागायला सांगायचं का? मी सांगेन. ज्या ग्रुपसमोर बोलले त्याच ग्रुपवर दोन ओळी. नाही मागितली तर काकांबद्दल तुला बरंच काही कळेल, मागितली तर अजूनच जास्त.

मग मीटिंग बोलव, दोन्ही ग्रुपांना एकच मेसेज, आणि वर्गातले तीन-चार आजी-आजोबा बोलव, बघायला म्हणून नाही, मत द्यायला. अजेंड्यावर तीनच गोष्टी ठेव. ते पान, जमाखर्च, आणि पुढच्या सहा महिन्यांत कोण काय बघणार. चावी एकाकडे, वही दुसरीकडे, अॅडमिन तिसऱ्याकडे, आणि सहा महिन्यांनी फिरवायचं. स्लाइड्स सगळ्यांसाठी खुल्या करून टाक, उद्या वेगळे झालात तरी त्यावरून भांडण नको. लोगो त्या दिवशी काढूच देऊ नकोस, त्यावर दीड तास जातो आणि शेवटी कुणाच्या तरी भाच्याने केलेलाच घेतात.